पाप कोणाच्या पदरी?

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांनी त्यावरून समस्त स्त्रियांच्या नीतीला बोल लावले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उलट विचारले: तिला फसवणारा पुरुष आणि पुनर्विवाह नाकारणारी रूढी निर्दोष कशी? पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, ते याच जाणिवेतून.

अर्भकहत्या आणि गर्भपात एक नव्हेत. विधवेची अगतिकता मात्र दोन्हींमागे एकच होती. गर्भाला जीव केव्हापासून मानावा, हा प्रश्नही खरा आहे. १८६० च्या दंडसंहितेने गर्भाची हालचाल जाणवू लागल्यावर शिक्षेची मर्यादा तीन वर्षांवरून सात केली. स्वतः गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात दोषी होती. तिला सोडून गेलेल्या पुरुषाचा उल्लेख नव्हता.

१९७१ च्या कायद्याने गर्भपाताला मर्यादित मुभा दिली. संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याने होणारा मनस्ताप त्याने ग्राह्य धरला, पण फक्त विवाहितेचा. ही अट २०२१ च्या दुरुस्तीने गेली. ज्या विधवेवरून वाद पेटला, तिच्यासारखीला कायद्यात जागा मिळायला इतका काळ गेला.