डेस्कटॉप संचालन प्रणालींची विश्वसनीयता आणि दैनंदिन उपयोगिता

डेस्कटॉप संचालन प्रणाली म्हणजे टेबलावरील किंवा मांडीवरील संगणकाचे यंत्रभाग, फायली आणि उपयोजने यांचा कारभार पाहणारी मूलभूत आज्ञावली. मायक्रोसॉफ्टची विंडोज, ॲपलची मॅकओएस आणि मुक्तस्रोत लिनक्सची वितरणे (उबुंटू, डेबियन, सी-डॅकची बॉस इत्यादी) हे तिचे प्रचलित प्रकार होत. त्यांची तुलना बहुधा वेग व देखणेपणा यांवरून केली जाते. नित्याच्या वापरात मात्र वीज गेल्यावर फाइल वाचते का, सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळतात, जवळचा प्रिंटर चालतो का आणि मराठी नीट उमटते का, हे प्रश्न अधिक निर्णायक ठरतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत हे चारही प्रश्न एकदम उभे राहत असल्याने येथे तेथील परिस्थिती उदाहरणादाखल घेतली आहे.

वीजपुरवठा आणि फाइल प्रणाली

पावसाळ्यात वीजतारांवर झाडे पडून पुरवठा खंडित होणे किनारपट्टीला नवे नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर जिल्ह्यातील अनेक गावे काही दिवस विजेविना होती. संगणक चालू असताना वीज अचानक गेल्यास चकतीवरील अर्धवट लेखन तसेच राहते. विंडोज ९८ च्या काळातील फॅट फाइल प्रणालीत यावर उपाय नव्हता. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना संपूर्ण चकतीची तपासणी होई आणि काही फायली त्यात हरवत.

विंडोजमधील एनटीएफएस (१९९३) आणि लिनक्समधील एक्स्ट४ (२००८) या प्रणाली बदल करण्यापूर्वी त्याची नोंद ठेवतात. दुकानदार आधी कच्च्या वहीत टिपून मग खतावणीत उतरवतो, तसाच हा व्यवहार आहे. वीज परत आली की नोंद पाहून अपुरे काम पूर्ण केले जाते किंवा रद्द होते. मॅकओएसमधील एपीएफएस (२०१७) नवी प्रत लिहून झाल्याखेरीज जुनी सोडत नाही. या कसोटीवर आजच्या तिन्ही प्रणालींत फारसा फरक उरलेला नाही. मात्र हे संरक्षण फायलींच्या रचनेचे असते. जतन न केलेला मजकूर कोणतीही फाइल प्रणाली परत देत नाही. पेनड्राइव्हवर आजही बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते व त्यांत अशी नोंदवही नसते. म्हणून तो रीतसर बाहेर काढणे आवश्यक ठरते. शाबूत बॅटरीचा जुना लॅपटॉप या बाबतीत यूपीएस नसलेल्या नव्या डेस्कटॉपपेक्षा भरवशाचा असतो.

खाऱ्या, दमट हवेने स्मृतिपट्टीचे संपर्क गंजल्यास विंडोजमध्ये त्रुटीचा पडदा येतो, लिनक्समध्ये ‘कर्नल पॅनिक’. दोष पट्टीचा असतो आणि बोल संचालन प्रणालीला लागतो. प्रणाली पुन्हा स्थापित करण्यापूर्वी स्मृतीची चाचणी घेणे श्रेयस्कर.

याउलट, बाहेरच्या आज्ञावलीमुळेही प्रणाली कोसळू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले.

आधाराची मुदत

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतीनंतर संगणक चालतो. नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे तेवढे थांबते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप अधिकृतपणे आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक तिला अपात्र ठरतात. अशा यंत्रांवर लिनक्स हा व्यवहार्य पर्याय आहे. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे विनामूल्य अद्यतने मिळतात. मॅकओएस ॲपलच्याच यंत्रांसाठी असते. तिची किंमत यंत्राच्या किमतीत दडलेली असते.

मराठी लेखन

विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड, मंगल टंक व इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध झाले. विंडोज एक्सपीत मात्र ही सोय मूळ सीडी घालून वेगळी सुरू करावी लागे. कित्येकांना ते ठाऊकच नसल्याने युनिकोडेतर टंकांचा वापर लांबला. लिनक्समध्ये रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या लोहित टंकमालिकेने मोठी उणीव भरून काढली.

मराठीच्या खास गरजा हिंदीपुरता विचार करणाऱ्यांच्या नजरेतून सुटत आल्या आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद दाखवणारा अर्धा र, ‘ॲ’ हे अक्षर (युनिकोड ५.१, २००८), तसेच ल व श यांची मराठी वळणे ही त्याची उदाहरणे होत. किनाऱ्यावरील मजकुरात दर्या आणि वाऱ्या-पावसाचा उल्लेख वारंवार येत असल्याने ही बाब किरकोळ म्हणता येत नाही. आजच्या तिन्ही प्रणाली ही अक्षरे दाखवतात. वळणे मात्र टंकावर अवलंबून राहतात.

सर्वांत मोठे नुकसान जुन्या मजकुराचे आहे. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत जुळवलेल्या फायलींत प्रत्यक्षात रोमन चिन्हांचे संकेतांक असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर जत्रेची स्मरणिका किंवा दशावताराची टंकित संहिता निरर्थक अक्षरांची रांग बनते. प्रणाली बदलण्यापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ टंकासह जपावा लागतो. रूपांतरात जोडाक्षरे व रफार चुकत असल्याने मुद्रितशोधन टळत नाही.

छपाई, हिशेब आणि सवय

येथे विंडोजचे पारडे जड आहे. टॅली ही हिशेबाची आज्ञावली विंडोजसाठीच बनते. स्वतःची वेगळी छपाई-भाषा वापरणारे काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. सातबारा उतारा ब्राउझरमधून मिळत असल्याने त्यासाठी कोणतीही प्रणाली चालते. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनला मात्र त्या प्रणालीचा चालक लागतो.

‘लिनक्स अवघड’ हा समज बऱ्याच अंशी शिक्षणातून आला. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून असंख्यांची संगणकाशी ओळख झाली ती विंडोजवरच. केरळमधील शासकीय शाळांत मुले लिनक्सवर शिकतात आणि त्यांना तेच सोपे वाटते. उबुंटूसारखी वितरणे पेनड्राइव्हवरून, चकतीवरील मजकुराला हात न लावता चालवून पाहता येतात. प्रिंटर, वायफाय आणि मराठी कळफलक यांची खातरजमा त्यातच होते.