मालगुजारी : कायद्यानें दिली, कायद्यानें नेली

नरखेड तालुक्याचा मुलूख पूर्वीं काटोल तहसिलींत मोडत असे. नागपूर जिल्ह्याच्या या भागांत 'मालगुजार' हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडीं आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. हा मालगुजार आला कोठून?

भोसल्यांच्या अमदानींत गांवचा पाटील सारा वसूल करून देई. जमिनीचा तो मालक नव्हता. डिसेंबर १८५३ मध्यें तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ त राज्य खालसा झालें, आणि १८६० नंतरच्या बंदोबस्तांत इंग्रज सरकारनें या पाटलांसच मालकी बहाल केली. शेत तेंच, नांगर तोच. बदलला तो नियम.

पिढ्यान्‌पिढ्या शेत कसणारा कूळ ठरला आणि वसुली करणारा मालक, हें न्याय्य होतें काय? प्रश्न रास्त आहे. परंतु १८३२ सालीं ऑस्टिननें प्रतिपादिलेल्या मतानुसार तो कायद्याचा प्रश्न नव्हे. सार्वभौमाची आज्ञा तोच कायदा; तिचा बरेवाईटपणा निराळा.

पण आज्ञा तर दरोडेखोरही करतो! म्हणून हान्स केल्सेन यानें १९३४ सालीं निराळी उपपत्ति मांडली. प्रत्येक नियमास बळ मिळतें तें त्याच्या वरच्या नियमापासून. पटवाऱ्याची नोंद हुकुमावर, हुकूम कायद्यावर, कायदा राज्यघटनेवर उभा असतो. आणि सर्वांच्या मुळाशीं एक मूलनियम गृहीत धरावा लागतो. राज्य उलथलें कीं हा मूलनियमच पालटतो. १८५४ नंतर भोसल्यांची सनद टिकली, ती नव्या सत्तेनें मानली तेवढीच.

पुढें तीच पाळी मालगुजारांवर आली. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यान्वयें ३१ मार्च १९५१ रोजीं त्यांचे हक्क सरकारांत विलीन झाले. घटनेच्या पहिल्या दुरुस्तीनें त्या कायद्यास नवव्या परिशिष्टांत संरक्षण मिळालें, आणि १९५२ त सर्वोच्च न्यायालयानेंही तो वैध ठरविला. नियमानें जन्मलेला हक्क नियमानेंच संपला.

यावरून कायदा म्हणजे केवळ बळाचा खेळ, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कायदा मनुष्यकृत आहे हें ओळखल्यावरच त्याची जबाबदारी मनुष्यावर येते. मालगुजारी वैध असतांही कुळांचें दुःख खरें होतें. म्हणूनच १८८३ पासून कुळकायदे करावे लागले. 'कायदेशीर' या शब्दांत 'न्याय्य' हा अर्थ आपोआप येत नाहीं. तो आपणांस आणावा लागतो.