द्राक्षमद्याचे नाव : फ्रान्स आणि नाशिक
१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त बोर्दो येथील दलालांनी मुख्यतः मेदोक भागातील तांबड्या मद्यांची पाच श्रेणींत वर्गवारी केली. तिचा आधार बाजारभाव हा होता. द्राक्षे पिकविणाऱ्याचा नावावरील हक्क मात्र अनिर्णितच राहिला. १९११ साली शँपेन प्रांतातील बागाईतदारांनी उठाव केला. कारण बाहेरून आणलेल्या द्राक्षांचे मद्य व्यापारी त्याच प्रांताच्या नावाने विकीत. पुढे १९३५ च्या कायद्याने प्रदेशाची सीमा, द्राक्षाचा वाण व उत्पन्नाची मर्यादा स्थलनामाशी निगडित झाली. म्हणूनच ल्वार खोऱ्यातील 'व्हूव्रे' या नावात 'शेनँ ब्लां' हा वाण अध्याहृत असतो.

नाशिकला क्रम उलटा दिसतो. तोच वाण तेथे विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला आणि बाटलीवर वाणाचेच नाव ठळक झाले. पुढे १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यान्वये 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाची नोंदणी झाली. तथापि केवळ नोंदणीने स्थलनाम गुणवाचक होत नाही. त्यामागे वाणाचा नियम आणि बागाईतदाराचा हक्क उभा असावा लागतो. फ्रान्समध्ये नाव व्यापाऱ्याने आधी मिरविले. शेतकऱ्यास ते झगडून मिळवावे लागले.