वृक्कांचे द्विवचन

पनवेलीत एकाच अवयवाची तीन नावे ऐकू येतात. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इ. स. १८७२ मध्ये येथे 'श्री धूतपापेश्वर' ही आयुर्वेदीय औषधांची संस्था स्थापन केली. त्या परंपरेतील वैद्याचा शब्द 'वृक्क'. मटणाच्या दुकानात त्याचा 'गुर्दा' होतो, आणि रुग्णालयात 'मूत्रपिंड'. यांपैकी पहिले दोन शब्द परस्परांना परके वाटले, तरी ते सगोत्र आहेत. वैदिक 'वृक्क' व फारसी 'गुर्दा' ही एकाच प्राचीन भारत-इराणी शब्दाची दोन वंशरूपे होत. तिसरा शब्द मात्र अवयवाचे कार्यच सांगतो. हे कार्य प्राचीन वैद्यकास ठाऊक होते काय, हा प्रश्न या अवयवाच्या जन्मजात विकृतींच्या इतिहासाशी निगडित आहे.

सुश्रुतसंहितेत वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या सारभागापासून सांगितली असून ते मेदोवह स्रोतसाचे मूळ मानले आहेत. मूत्रवह स्रोतसाचे मूळ तेथे बस्ती व मेढ्र हे होय. पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेला नवा घट जसा सर्व बाजूंनी पाझरून भरतो, तसा बस्ती मूत्राने भरतो, असा दृष्टान्त संहितेत आहे. या विवेचनात वृक्कांना स्थान नाही. ते येतात ते जोडीने, द्विवचनात.

हे द्विवचन बहुसंख्य शरीरांच्या बाबतीत यथार्थच आहे. परंतु त्यास अपवाद आहेत. सुमारे पाचशे व्यक्तींमागे एकीत दोन्ही मूत्रपिंडे बहुधा खालच्या टोकांशी जुळून घोड्याच्या नालासारखा एकच पिंड बनलेला असतो. गर्भावस्थेत ही पिंडे कटिरात उत्पन्न होऊन सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वर सरकतात. जुळलेल्या पिंडाचा मधला सांधा महाधमनीच्या, आतड्याच्या खालच्या भागाकडे जाणाऱ्या शाखेखाली अडतो आणि पिंड नेहमीपेक्षा खालीच राहतो. क्वचित एक मूत्रपिंड कटिरातच राहते. त्याहूनही क्वचित ते मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूच्या पिंडाशी जुळते.

आपल्या ग्रंथांत या प्रकारांचा निर्देश का आढळू नये? जन्मजात विकृतींकडे सुश्रुताचे दुर्लक्ष नव्हते. गर्भिणीच्या डोहाळ्यांची उपेक्षा झाल्यास कुबडे, थोटे, लंगडे, ठेंगणे अथवा विकृत डोळ्यांचे अपत्य होते, असे तो सांगतो. या यादीतील वैगुण्ये पाहताक्षणी दिसणारी आहेत. जुळलेल्या मूत्रपिंडाचा मनुष्य मात्र आयुष्यभर त्याविषयी अनभिज्ञ राहू शकतो. ही विकृती कळण्यास अनेक शरीरे उघडून पाहावी लागतात. सुश्रुताने शवच्छेदनाचा विधी सांगितला खरा. पण तो अभ्यासक्रम म्हणून पुढे अखंड चालू राहिला नाही. युरोपात बोलोन्याच्या बेरेंगारियो दा कार्पीने १५२२ मध्ये नालाकृती मूत्रपिंडाचे वर्णन केले, ते शवच्छेदनाच्या बळावर. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते १८४५ साली.

तथापि दोष संस्कृतच्या द्विवचनावर ढकलणे न्याय्य होणार नाही. ज्यांच्या भाषेत द्विवचन नव्हते, त्यांच्या मनातही ते होतेच. हायडेलबर्ग येथे गुस्ताव सिमोन यांनी १८६९ मध्ये रुग्णाचे एक मूत्रपिंड यशस्वीपणे काढले. एका मूत्रपिंडावर प्राणी जगतो याची खात्री त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून घेतली होती. दुसरे मूत्रपिंड आहे, हे मात्र गृहीतच होते. पुढील दोन दशकांच्या आतच न्यूयॉर्कमध्ये पोल्क नावाच्या शल्यविशारदाने स्थानभ्रष्ट मूत्रपिंड काढून टाकले. रुग्ण काही दिवसांतच दगावली, आणि तिला दुसरे मूत्रपिंडच नव्हते असे निष्पन्न झाले. १५२२ चे वर्णन ग्रंथात होते. शस्त्रक्रियेच्या मेजावर ते उपयोगी पडले नाही, कारण जिवंत शरीराच्या आत पाहण्याचे साधन नव्हते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, आणि शिरेतून औषध टोचून मूत्रमार्गाचे क्ष-किरण चित्र घेण्याची व्यवहार्य पद्धत १९२९ मध्ये सिद्ध झाली. त्यामुळे शस्त्र चालविण्यापूर्वी मूत्रपिंडे मोजणे सुकर झाले.

'मूत्रपिंड' या शब्दाने कार्याविषयीची जुनी उणीव भरून काढली. संख्या व स्थान यांविषयी तो मौन पाळतो. हे मौन अर्थपूर्ण आहे. मराठीत द्विवचन उरलेले नाही, म्हणून या भाषेत लिहिणाऱ्यास पिंडे किती, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सांगावे लागते. आणि सांगण्यापूर्वी पाहावे लागते.