भ्रष्टाचार धारणा निर्देशांक

निरनिराळ्या देशांच्या सरकारी क्षेत्रात किती भ्रष्टाचार आहे, याविषयीचे तज्ज्ञांचे आणि उद्योजकांचे मत एका आकड्यात मांडणारी वार्षिक क्रमवारी. बर्लिनची ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’ ही संस्था ती प्रसिद्ध करते. शून्य गुण म्हणजे अत्यंत भ्रष्ट, १०० म्हणजे अत्यंत स्वच्छ. २०२४ च्या यादीतील १८० देश-प्रदेशांत डेन्मार्क ९० गुणांसह पहिला, दक्षिण सुदान ८ गुणांसह शेवटचा आणि भारत ३८ गुणांसह ९६ वा होता.

इतिहास : जागतिक बँकेतील माजी अधिकारी पीटर आयगेन यांनी १९९३ मध्ये संस्था स्थापन केली. १९९५ च्या पहिल्या यादीत ४१ देश होते. न्यूझीलंड सर्वांत वर, इंडोनेशिया तळाला. मूळ पद्धत जर्मन अर्थशास्त्रज्ञ योहान ग्राफ लाम्ब्सडॉर्फ यांची.

पद्धत : या निर्देशांकासाठी संस्था स्वतः पाहणी करत नाही. जागतिक बँक, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम, इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट, बर्टेल्समान प्रतिष्ठान अशा १२ संस्थांची १३ मूल्यमापने ती एका मोजपट्टीवर आणते व त्यांची सरासरी काढते. किमान तीन मूल्यमापने उपलब्ध असतील तरच देशाला यादीत स्थान मिळते. लाचखोरी, सरकारी पैशाची अफरातफर, नेमणुकांतील वशिलेबाजी, गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना मिळणारे संरक्षण हे विषय त्यांत येतात. करचुकवेगिरी, काळ्या पैशाची परदेशी रवानगी आणि खासगी कंपन्यांचे गैरव्यवहार येत नाहीत. म्हणून स्वित्झर्लंडचे २०२४ मधील ८१ गुण आणि पाचवे स्थान तेथील सरकारी कारभाराबद्दल सांगतात. तेथील बँकांत कोणाचा पैसा विसावला आहे, याबद्दल काहीच सांगत नाहीत.

२०१२ पूर्वी गुण दहापैकी दिले जात. त्या वर्षी पद्धतच बदलल्याने आधीच्या गुणांशी आजच्या गुणांची तुलना करता येत नाही. क्रमांक तर अधिकच फसवा असतो. भारत २०२२ मध्ये ८५ वा होता, पुढे ९३ वा आणि ९६ वा झाला. गुण मात्र ४० वरून ३९ आणि ३८ इतकेच उतरले. एक-दोन गुणांचा फरक बहुधा संख्याशास्त्रीय त्रुटीच्या मर्यादेत मावतो. बातम्यांचे मथळे मात्र क्रमांकावर बेतले जातात. चीनचे गुण २०१४ मध्ये ४० वरून ३६ वर आले, तेव्हा तेथे बड्या अधिकाऱ्यांची धरपकड जोरात सुरू होती. भ्रष्टाचार वाढला की तो केवळ अधिक दिसू लागला, याबाबत मतभेद आहेत.

धारणा आणि वास्तव : लोकांची धारणा वास्तवाशी कितपत जुळते, या प्रश्नाला हात घालणारे सर्वांत मोलाचे काम इंडोनेशियातले आहे. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी जावातील सहाशेहून अधिक गावांचे नवे रस्ते अभियंत्यांकरवी ठिकठिकाणी खणून घेतले. खडी-वाळू किती पडली आणि तिला बाजारात काय भाव होता, हे काढून त्याचा गावाच्या हिशेबाशी ताळा घातला. मग गावकऱ्यांना विचारले, या कामात पैसे खाल्ले गेले का? त्यांच्या उत्तरांत तथ्य होते, पण थोडेच. फुगवलेले भाव लोकांना कळत होते, फुगवलेले माप कळत नव्हते. साहजिकच पैसे खाणारे मापातच जास्त मारत.

रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल यांनी वेगळी वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांना २००२ पर्यंत पार्किंगचा दंड न भरण्याची व्यवहारात मुभा होती. थकलेल्या दंडांचा हिशेब त्यांनी देशवार मांडला. भ्रष्टाचाराच्या मोजमापांत अधिक भ्रष्ट ठरलेल्या देशांचे मुत्सद्दी सरासरीने जास्त दंड थकवत, असे दिसले. कारवाई कडक होताच थकबाकी झपाट्याने घटली.

इतर मोजमापे : जागतिक बँकेचा ‘भ्रष्टाचार नियंत्रण’ निर्देशक १९९६ पासूनचा आहे. ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’चाच ‘ग्लोबल करप्शन बॅरोमीटर’ २००३ पासून सामान्य नागरिकांना थेट विचारतो, गेल्या वर्षभरात लाच द्यावी लागली का? २०२० च्या आशियातील पाहणीत सरकारी सेवा घेणाऱ्या ३९ टक्के भारतीयांनी होय म्हटले. पाहणीतील देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. तलाठी कार्यालयाची किंवा पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्याचा अनुभव तज्ज्ञांच्या सरासरीत थेट उतरत नाही, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचणे आवश्यक ठरते.

राज्यांची तुलना : ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’च्या २००५ च्या भारतीय पाहणीत केरळ सर्वांत कमी, तर बिहार सर्वांत जास्त भ्रष्ट ठरले.