भांडाराची वर्दी आणि नवागताची वाट

२००५ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आज्ञावलींच्या आवृत्त्या राखणारी ‘गिट’ ही प्रणाली रचली. २००८ मध्ये ‘गिटहब’ने अशा भांडारांना महाजालावर जागा दिली. भांडारातील बदल इतर प्रणालींना कळावा कसा, हा प्रश्न मात्र जुनाच होता. पूर्वी दुसरी प्रणाली ठराविक अंतराने चौकशी करी, आणि बहुतेक खेपा व्यर्थ जात. २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी ‘वेबहुक’ ही संज्ञा मांडली. तीत चौकशीची दिशाच उलटली : घटना घडताच भांडार स्वतः वर्दी देते. २०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘झॅपिअर’ने अशा जोडण्या आज्ञावली न लिहिणाऱ्यांच्याही हाती दिल्या. २०१९ मध्ये ‘गिटहब ॲक्शन्स’ सर्वांस खुले झाल्यावर असा क्रम भांडारातच बांधता येऊ लागला.

नवागतास पडद्यावर पायरीपायरीने वाट दाखविणाऱ्या प्रणालींना या दुव्याचे मोल विशेष आहे. बटणाची जागा बदलली आणि मार्गदर्शन जुनेच राहिले, तर नवागत अडखळतो आणि पुष्कळदा दोष स्वतःकडेच घेतो. नवी आवृत्ती प्रसिद्ध होताच वर्दी पोहोचल्यास ती पायरी तपासणीपर्यंत थांबविता येते. तथापि वर्दी बदल झाल्याचे कळविते, त्याचा अर्थ सांगत नाही. तो अर्थ नवागताच्या भाषेत मांडणे, हे कार्य तिच्या कक्षेबाहेरचे होय.