हेडलाइट-भिंगांची निगा व संरक्षण

मोटारीच्या पुढील दिव्यांवर बसविलेल्या पारदर्शक आवरणाला रूढीने भिंग म्हणतात. ही भिंगे स्वच्छ व पारदर्शक राखणे, ती धुरकट किंवा पिवळी पडल्यास त्यांचा पृष्ठभाग घासून पूर्ववत करणे आणि त्यावर नवा संरक्षक लेप देणे, या क्रियांचा या विषयात समावेश होतो. रात्रीच्या वाहतुकीची सुरक्षितता या पृष्ठभागावर थेट अवलंबून असल्यामुळे हा विषय मोटारीच्या देखणेपणाचा न मानता प्रकाशाचा मानणे आवश्यक आहे.

रचना व इतिहास : पूर्वी हेडलाइटची भिंगे काचेची असत. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे गोल दिवे या प्रकारचे होते व त्यांच्या काचा उन्हाने पिवळ्या पडत नसत. आताच्या भिंगांसाठी वापरले जाणारे पॉलिकार्बोनेट हे बहुवारिक १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी व त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केले. त्याची घनता सुमारे १.२ (काचेची सुमारे २.५) असून ते आघाताने सहसा फुटत नाही आणि साच्यात हवा तो आकार घेते. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचे बंदिस्त काचदिवे वापरण्याचे बंधन होते. ते १९८३ मध्ये शिथिल झाल्यावर १९८४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ७ या मोटारीवर प्लॅस्टिक भिंगाचे हेडलाइट आले.

ऱ्हासाची कारणे : पॉलिकार्बोनेट मऊ असल्याने त्यावर ओरखडे सहज उठतात, म्हणून कारखान्यातच त्यावर सिलोक्सेन किंवा ॲक्रिलिक प्रकारचा कठीण लेप चढवितात. अवघ्या काही मायक्रोमीटर जाडीच्या या लेपात जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ऊन, धूळ, खडी व पाणी यांमुळे ही द्रव्ये क्षीण होतात, लेपाला सूक्ष्म तडे जातात, तो जागोजागी सुटतो आणि खालचे बहुवारिक उघडे पडते. त्यानंतर दोन प्रकारच्या प्रकाशरासायनिक विक्रिया घडतात. सुमारे ३०० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीच्या किरणांमुळे बहुवारिकाच्या रेणुसाखळीतील कार्बोनेट गटांची पुनर्रचना होते. तिला फोटो-फ्रीस पुनर्विन्यास म्हणतात. अधिक लांब तरंगांच्या प्रकाशात ऑक्सिजनच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होऊन साखळ्या तुटतात. उघड्यावरील ऱ्हासात या दोहोंचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. निर्माण होणारी संयुगे निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे भिंग पिवळे दिसते. तुटलेल्या साखळ्यांचा पृष्ठभाग झिजून खरबरीत होतो व प्रकाश विखुरतो. विखुरलेला प्रकाश रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत अधिक जातो, म्हणून धुरकट भिंग दोघांनाही धोक्याचे ठरते. आकाशाकडे कललेला वरचा भाग बहुधा आधी खराब होतो.

अमेरिकेत भिंगांच्या प्लॅस्टिकची फ्लॉरिडा व ॲरिझोना या राज्यांत ३ वर्षे उघड्यावर ठेवून परीक्षा घेतली जाते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सुमारे ११ वर्षे जुन्या मोटारींच्या खराब भिंगांतून नव्याच्या तुलनेत फक्त सुमारे २२ टक्के प्रकाश मिळाला. घासून दुरुस्त केल्यावर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेले, मात्र डोळे दिपविणारा प्रकाश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. मूळ उत्पादकाचे नवे दिवे बसविल्यास पूर्ण प्रकाश परत मिळाला, तर अन्य उत्पादकांच्या पर्यायी दिव्यांतून ८३ ते ९० टक्के मिळाला.

नूतनीकरण : भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावून भिंग धुतात व पाण्याची धार सोडत वॉटर पेपरने घासतात. मूळ लेप सुटू लागला असेल तर तो पूर्ण काढावा लागतो, त्यासाठी ४०० किंवा ६०० क्रमांकापासून सुरुवात करून क्रमाने १०००, २००० व ३००० पर्यंत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलतात, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे उरले आहेत की नाहीत ते कळते. शेवटी रबिंग कंपाउंड लावून मऊ स्पंजाच्या चकतीने, यंत्राचा वेग कमी ठेवून चकाकी आणतात. वेग वाढल्यास उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडते. टूथपेस्टही सौम्य घर्षकाचेच काम करते व तिचा परिणाम तात्पुरता असतो. डास पळविणाऱ्या द्रावणातील डीईईटी पृष्ठभाग विरघळवून क्षणिक चमक आणते, परंतु भिंगाला इजा करते. द्रावकाच्या वाफेने चकाकी आणण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिच्या वाफा विषारी असतात आणि अंतर्गत ताण असलेल्या भिंगाला तडे जाण्याचा संभव राहतो.

संरक्षण : घासण्याने मूळ लेप निघून गेलेला असतो, म्हणून नवा लेप न देता सोडलेले भिंग पूर्वीपेक्षा लवकर पिवळे पडते. निगेच्या सर्व क्रियांत नवा लेप देण्याची क्रियाच सर्वांत महत्त्वाची व सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी आहे. जंबुपार किरणांनी कठीण होणारे लेप आणि दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट हे टिकाऊ मानले जातात. दुसऱ्यातील आयसोसायनेट श्वासावाटे शरीरात जाऊ नये म्हणून योग्य मुखवटा व मोकळी हवा अनिवार्य आहे. पुसून लावायचे लेप सोपे पण अल्पायुषी असतात. मेणाचा थर त्याहूनही लवकर जातो. सिरॅमिक लेपांच्या आयुष्याविषयीचे दावे परस्परांशी जुळत नाहीत. पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म खडीपासूनही बचाव करते, मात्र ती रंगीत असल्यास प्रकाश घटतो.

दैनंदिन निगेत सौम्य साबणाचे पाणी व मऊ फडके पुरेसे असते. कोरड्या धुळीवर फडके फिरविणे, पेट्रोल, थिनर किंवा तीव्र अल्कधर्मी द्रव्ये वापरणे टाळावे. मोटार सावलीत उभी केल्यास ऱ्हास मंदावतो.

आतील बाष्प : भिंगाच्या आत साचणारे बाष्प हा वेगळा दोष असून तो सील निसटल्याने किंवा हवा खेळती ठेवणारे छिद्र बुजल्याने उद्भवतो.